मूल कोणत्या भाषेचे? : एका जुन्या कलमाची चिकित्सा

शाळेत नवे मूल दाखल होते तेव्हा आपण त्याची मातृभाषा लिहून घेतो. रकाना लहान असतो, एक शब्द मावेल एवढा. पालक सांगतात, आपण लिहितो, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत तो शब्द तसाच पुढे चालत राहतो. त्या शब्दावरून कोणाचे भांडण झाल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मध्य युरोपातल्या एका प्रांतात याच शब्दावरून खटले चालले, मुलांची नावे एका शाळेच्या पटावरून काढून दुसऱ्या शाळेच्या पटावर घातली गेली, आणि सहा वर्षांचे मूल 'खरे' कोणत्या भाषेचे, हे ठरवायला समित्या बसल्या. त्या प्रांताचे नाव मोराव्हिया. ज्या कायद्यामुळे हे घडले तो वाईट हेतूने केलेला नव्हता, उलट भांडण मिटावे म्हणूनच केला होता. म्हणून तर त्याची चिकित्सा शिक्षकांनी करावी असे आम्हाला वाटते.

मोराव्हिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पूर्वेकडचा भाग. १९१८ पर्यंत तो हाब्सबर्ग घराण्याच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात होता. १९०० च्या सुमारास तेथील सत्तर टक्क्यांहून अधिक लोक चेक बोलणारे म्हणून नोंदले गेले होते आणि जवळजवळ अठ्ठावीस टक्के जर्मन बोलणारे. पण ही वाटणी नकाशावर रेघ मारून दाखवता येण्यासारखी नव्हती. ब्रनो हे मुख्य शहर बहुसंख्येने जर्मन म्हणून नोंदलेले, तर भोवतालची बरीच खेडी चेक. जर्मन ही वरच्या नोकरीची, सैन्याची आणि मोठ्या व्यापाराची भाषा, चेक ही बहुसंख्य शेतकऱ्यांची आणि कामगारांची. ज्याला बाजारात उभे राहायचे त्याला दोन्ही लागत, आणि अनेकांना दोन्ही येतही होत्या.

साम्राज्याच्या या भागातील प्राथमिक शिक्षण त्या काळाच्या मानाने फार पुढे होते, हे आधी मान्य केले पाहिजे. मारिया थेरेसा राणीने १७७४ सालीच सर्वांसाठी शाळेचा हुकूम काढला होता. १८६९ च्या शाही प्राथमिक शाळा कायद्याने शिक्षण सहा ते चौदा अशी आठ वर्षे सक्तीचे केले. या कायद्यात आकडे मोठे स्पष्ट आहेत. तासाभराच्या चालीच्या परिसरात पाच वर्षांच्या सरासरीने चाळीसपेक्षा अधिक मुले असतील, आणि त्यांना शाळेसाठी सुमारे चार किलोमीटरहून अधिक जावे लागत असेल, तर तेथे शाळा काढलीच पाहिजे. पटसंख्या ऐंशीवर गेली की दुसरा शिक्षक, एकशे साठवर गेली की तिसरा. आज ऐंशी मुलांच्या वर्गाची कल्पना करून कोणीही हसेल, पण शाळा ही मेहेरबानी नसून मोजून मागता येणारी गोष्ट आहे, हे तत्त्व त्या आकड्यांत होते. (आपल्याकडे १९४९ साली प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने अल्पसंख्य भाषेच्या मुलांसाठी शिक्षक देण्याची जी अट मान्य केली, तिच्यातही शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असाच हिशेब होता. दोन्हींचा परस्परसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण कोठेही गेले तरी भाषेचा हक्क शेवटी पटसंख्येवर येऊन बसतो, हे ध्यानात घ्यावे.)

या कायद्याच्या दोन वर्षे आधी, १८६७ साली, साम्राज्याने नागरिकांच्या हक्कांचा मूलभूत कायदा केला होता. त्याचे एकोणिसावे कलम साम्राज्यातील सर्व लोकसमूहांना समान मानते, आणि ज्या प्रांतांत अनेक समूह राहतात तेथे प्रत्येकाला आपापल्या भाषेत शिक्षण मिळण्याची सोय असावी असे सांगते. मातृभाषेतून शिक्षणाची इतकी स्पष्ट घटनात्मक हमी त्या काळी क्वचितच कोठे होती. पण त्याच वाक्यात आणखी एक अट आहे, आणि उदार कलम म्हणून त्याचे कौतुक करताना बरेच जण ती ओलांडून जातात. ही सोय अशी असावी की प्रांतातील दुसरी भाषा शिकण्याची सक्ती कोणावरही होऊ नये. म्हणजे आपली भाषा शिकण्याच्या हक्काच्या जोडीला शेजाऱ्याची भाषा न शिकण्याचा हक्कही आला. आमच्या मते पुढच्या साऱ्या गुंत्याचे बीज येथे आहे. गावाला दोन भाषा लागत होत्या, पण दोन भाषांची शाळा काढावी असे या कलमातून कोणालाही सुचले नाही. सुचल्या त्या दोन शाळा.

दोन शाळा म्हटल्या की चाळीस मुलांचा आकडा आला. आपल्या भाषेची शाळा गावात उघडावी यासाठी चेक किंवा जर्मन चाळीस मुले दाखवावी लागत. त्यातून मुले 'मिळवण्याची' स्पर्धा सुरू झाली. १८८० साली व्हिएन्नात जर्मन शाळा संघ स्थापन झाला, आणि त्याच वर्षी प्रागमध्ये चेक शाळांसाठी 'मातिसे श्कोलस्का' ही मध्यवर्ती संस्था. वर्गण्या गोळा करून दोघांनीही भाषासीमेवरच्या गावांत खासगी शाळा आणि बालवाड्या काढल्या. गरीब मुलांना नाताळात कपडे आणि भेटवस्तू मिळू लागल्या, हिवाळ्यात गरम जेवण मिळू लागले. पोटाला मिळाले हे चांगलेच झाले. पण वाढणाऱ्याची नजर ताटाइतकीच पटावरही होती.

त्याच १८८० साली शिरगणतीत भाषेचा प्रश्न आला. १८७२ साली सेंट पीटर्सबर्गला भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने जनगणनेत भाषा विचारावी अशी शिफारस केली होती. ऑस्ट्रियाने ती मानली, पण मातृभाषा न विचारता 'व्यवहारभाषा' विचारली, म्हणजे रोजच्या बोलण्यात वापरायची भाषा. उत्तर एकच द्यायचे, तेही ठरलेल्या यादीतून. यिद्दिश त्या यादीत नव्हती. घरात चेक आणि कारखान्यात जर्मन बोलणाऱ्या विणकराने काय लिहायचे? मालकाच्या किंवा घरमालकाच्या धाकाने चेक माणसे जर्मन म्हणून नोंदली जातात, अशी चेक कार्यकर्त्यांची कायमची तक्रार होती, आणि ती निराधार नव्हती. पण दोन्हींपैकी एकच भाषा लिहायला लावली तर कोणतेही उत्तर अर्धेच खरे ठरणार, ही त्याहून मोठी अडचण. तिच्याबद्दल फारशी तक्रार कोणी केली नाही, कारण दोन्ही पक्षांना पूर्ण आकडे हवे होते. आपल्या जनगणनेत मातृभाषेखेरीज माणसाला येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात. तो रकाना किती मोलाचा आहे, हे ऑस्ट्रियाचा नमुना पाहिला म्हणजे कळते.

येथे विज्ञानाच्या शिक्षकांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. ही शिरगणती झाली तेव्हा ब्रनोच्या मठात ग्रेगोर मेंडेल मठाधिपती होते. घरची भाषा जर्मन असलेले मेंडेल ज्या मठात राहत, तेथे चेक आणि जर्मन दोन्ही भाषा बोलणारे साधू होते. मठाधिपती होण्यापूर्वी १८५४ ते १८६८ अशी चौदा वर्षे त्यांनी याच शहरातल्या शाळेत पदार्थविज्ञान आणि निसर्गविज्ञान शिकवले. वाटाण्यावरचे प्रयोग त्यांनी १८६५ साली ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे मांडले. वाटाण्याचे सात गुणधर्म आपण वर्गात शिकवतो, पण ते सातच का, हे सांगायचे राहून जाते. ज्या गुणधर्मांत 'थोडे कमी, थोडे जास्त' असा फरक असतो, ज्यांची मधली रूपे दिसतात, ते मेंडेल यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवले. बी गोल की सुरकुतलेले, पिवळे की हिरवे, असे दोन ढिगांत स्वच्छ पडणारेच घेतले. मोजणी करण्यापूर्वी, मोजायची गोष्ट दोन ढिगांत पडण्याजोगी आहे का, हे त्यांनी तपासले. त्याच शहरात शिरगणतीवाल्यांनी नेमके उलटे केले. भाषा ही सरळसरळ मधल्या रूपांची गोष्ट. ती दोन ढिगांत घातली, आणि मग ढीग कसे लहानमोठे होत आहेत यावर राजकारण उभे राहिले.

लोकांनी मात्र आपल्यापुरती वाट काढली होती, आणि ती आम्हाला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते. चेक खेड्यातले कुटुंब आपले मूल जर्मन खेड्यातल्या ओळखीच्या घरी सुट्टीपुरते किंवा वर्षभरासाठी पाठवी, आणि त्या घरचे मूल यांच्याकडे येई. पैशाची देवघेव नाही. मूल तेथल्या शाळेत जाई, तेथल्या मुलांबरोबर गुरे राखी, भांडे, खेळे, आणि परत येई तेव्हा दुसरी भाषा बोलत येई. या अदलाबदलीला चेक लोक 'हांडल' म्हणत. शब्द जर्मनमधून आलेला, अर्थ सौदा. दक्षिण मोराव्हियात १८७० साली जन्मलेले आणि पुढे ऑस्ट्रियाचे चान्सलर व राष्ट्राध्यक्ष झालेले कार्ल रेनर यांनी आपल्या आठवणींत या प्रथेबद्दल लिहिले आहे. आणखी मागे गेलो तर याच मोराव्हियात १५९२ साली जन्मलेला थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस भेटतो. आपल्या 'ग्रेट डिडॅक्टिक' या ग्रंथात त्याने सहा ते बारा वयाच्या मुलांसाठी मातृभाषेची शाळा सांगितली. शेजारच्या लोकांची भाषा शिकवायची तर ती दहा ते बारा या वयात, आणि तीही जेथे ती बोलली जाते तेथे मुलाला पाठवून शिकवावी, असेही त्याने लिहून ठेवले. खेड्यातल्या शेतकऱ्यांनी कोमेनियस वाचला होता असे नव्हे. व्यवहारातून त्यांना तेच सुचले.

कार्यकर्त्यांना ही प्रथा आवडत नसे. परक्या घरी राहून मूल 'हातचे जाईल' अशी त्यांची भीती होती. चेक पालकाने नोकरीच्या आशेने मूल जर्मन शाळेत घातले तर त्याला स्वार्थी, बेफिकीर, प्रसंगी देशद्रोही म्हटले जाई. जर्मन गोटातही अशा 'डळमळीत' पालकांबद्दल हाच सूर होता.

आता त्या कलमाकडे येऊ. १९०५ साली मोराव्हियातले वातावरण तापले होते. ब्रनोत चेक विद्यापीठ हवे की नको, यावरून १ ऑक्टोबरला दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले आणि त्या दंगलीत फ्रान्तिशेक पाव्हलिक हा चेक कामगार सैनिकाच्या संगिनीने मारला गेला. संगीतकार लेओश यानाचेक यांनी त्याच्या स्मरणार्थ पियानोसाठी एक रचना केली, ती आजही वाजवली जाते. त्यानंतर आठच आठवड्यांनी, २७ नोव्हेंबरला, दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी घडवून आणलेले समझोत्याचे कायदे मंजूर झाले. प्रांतिक विधिमंडळाच्या १५१ जागांपैकी ७३ चेक आणि ४० जर्मन मतदारांसाठी ठरल्या, उरलेल्या जमीनदार, व्यापारी मंडळे आणि बिशप यांच्याकडे राहिल्या. मतदारांच्या दोन वेगळ्या याद्या झाल्या. प्रत्येकाने एकाच यादीत असायचे आणि आपल्याच यादीतल्या उमेदवाराला मत द्यायचे. शाळांची स्थानिक मंडळेही भाषेनुसार वेगळी झाली. एकमेकांची मते पळवण्याचे कारणच उरले नाही. साम्राज्यात या समझोत्याची वाहवा झाली, आणि राजकारणापुरती ती योग्यही होती.

शाळांविषयीच्या कायद्यातले विसावे कलम 'लेक्स पेरेक' या नावाने ओळखले जाते. वाक्लाव पेरेक या चेक पुढाऱ्याने त्याचा आग्रह धरला होता. कलमाचा आशय एका ओळीचा आहे. प्राथमिक शाळेत सामान्यतः अशाच मुलांना प्रवेश द्यावा, ज्यांना त्या शाळेची शिकवण्याची भाषा अवगत आहे.

शिक्षकाने हे वाक्य पहिल्यांदा वाचले तर तो मान डोलावेल. ज्या मुलाला वर्गातली भाषा समजत नाही त्याला तेथे बसवून ठेवणे हा छळ आहे. गोंडी, कोरकू किंवा भिल्ली बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकापुढे बसते तेव्हा काय होते, हे आश्रमशाळेत काम केलेल्यांना सांगायला नको. पण वाक्य पुन्हा वाचावे. मुलाला शाळेची भाषा येत नसेल तर शाळेने काय करावे, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. शिक्षकाने मुलाची भाषा शिकावी, पहिले वर्ष दोन्ही भाषांत चालवावे, चित्रे वापरावीत, असे काहीही नाही. कलम बोलते ते फक्त दारावर कोणाला अडवावे याबद्दल. भाषा न येणे ही शिकवून दूर करण्याची अडचण आहे, हे शाळेचे मूळ गृहीतकच त्याने उलटे केले. मुलाला जे आधीच येते तेच शिकायला शाळेत यावे, असा त्याचा अर्थ होतो.

'अवगत' या शब्दाची व्याख्याही कलमात नाही. सहा वर्षांच्या मुलाला भाषा अवगत आहे म्हणजे काय? नाव-गाव सांगता येणे? गोष्ट समजणे? आणि ज्याला दोन्ही येतात त्याचे काय? तर्काने पाहिले तर असे मूल दोन्ही शाळांत चालायला हवे. प्रत्यक्षात एका भाषेचे शाळा मंडळ दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलांवर दावा सांगू लागले. ही मुले आमची आहेत, ती परत द्या. मग समिती येई, मुलाला प्रश्न विचारी, घरी काय बोलतात याची चौकशी करी. पालक वरच्या न्यायालयापर्यंत गेले. आणि हळूहळू खटल्यांतला प्रश्नच बदलला. मुलाला कोणती भाषा येते, हे मागे पडून मूल कोणत्या राष्ट्राचे आहे, हे पुढे आले. ते ठरवताना आईबापांच्या शब्दापेक्षा घरची बोली, आडनाव, वंश अशा बाहेरून दिसणाऱ्या खुणांना वजन मिळू लागले. कलमात 'सामान्यतः' हा एक शब्द होता. अपवादाला जागा ठेवणारा तेवढाच. खरे तर पालकांचा सारा निवाडा त्या एका शब्दावर अवलंबून होता.

रेनर यांनी १८९९ साली असे मांडले होते की राष्ट्रीयत्व हे भूमीला न चिकटवता व्यक्तीला चिकटवावे, धर्मासारखे, आणि ते प्रौढ माणसाने स्वतः जाहीर करावे. दोन मतदारयाद्यांची मोराव्हियातील पद्धत या विचाराच्या जवळची आहे. पण जाहीर करण्याचा हक्क प्रौढाला, आणि मुलाचे काय, हा प्रश्न त्या सुबक मांडणीत मोकळाच राहिला होता. लेक्स पेरेक त्या मोकळ्या जागेत शिरले.

या विषयावर अलीकडे इंग्रजीत चांगले काम झाले आहे. पीटर जडसन यांचे भाषासीमेवरच्या कार्यकर्त्यांवरचे पुस्तक २००६ साली आले, आणि तारा झारा यांचे 'किडनॅप्ड सोल्स' २००८ साली. झारा यांनी १९०० ते १९४८ या काळातली मुलांसाठीची ओढाताण मांडली आहे. सामान्य माणसे राष्ट्रवादाबाबत बरीच उदासीन होती, आणि ही उदासीनता मोडून काढण्यासाठीच कार्यकर्त्यांनी मुलांना राष्ट्राची मालमत्ता ठरवले, हे त्यांचे मुख्य म्हणणे. ते आम्हाला पटते. शिक्षकांनी हे पुस्तक जरूर वाचावे. तरी दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. एक तर 'उदासीनता' हा शब्द. दोन भाषांसाठी मूल वर्षभर दूर ठेवणारे आईबाप उदासीन कसे? त्यांना राष्ट्र नको असेल, पण मुलाचे भले त्यांना नेमके कळत होते. दुसरे असे की संस्था, न्यायालये, वर्तमानपत्रे यांचे चित्र जितके भरगच्च, तितका वर्ग आपल्याला दिसत नाही. चेक घरातले मूल जर्मन शाळेत गणित कसे शिकत होते, कोठे अडत होते, फळ्यावर काय होते? हा दोष केवळ लेखिकेचा नव्हे. दप्तरे दाव्यांची जपली जातात, पाट्या पुसल्या जातात.

आणखी एक सावधगिरी आमची आम्हालाच. हांडलच्या प्रथेवर आपण भाळू नये. ती खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांना आणि दुकानदारांना जमणारी होती, ज्यांच्या घरी एक जास्तीचे मूल सामावू शकत होते. ब्रनोच्या एका खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला ती शक्य नव्हती. त्याच्यापुढे जर्मन शाळा हाच एक मार्ग होता, आणि ती वाट एकाच दिशेची होती. जर्मन कामगाराचे मूल नोकरीसाठी चेक शाळेत चालले आहे, असे १९१८ पूर्वी सहसा घडत नसे. म्हणून पेरेक यांच्या बाजूच्या लोकांना वाटणारी भीती खोटी नव्हती. बलाढ्य भाषा लहान भाषेची मुले ओढून घेते, हे त्यांना दिसत होते. त्यावर उपाय म्हणून चेक शाळा अधिक चांगल्या करण्याचे कामही त्यांनी पुष्कळ केले. त्याच्या जोडीला आईबापांचा निर्णय काढून घेण्याची गरज होती का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

१९१८ साली साम्राज्य कोसळले आणि चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला. आता चेक ही सत्तेची भाषा झाली. कलम मात्र रद्द झाले नाही. नव्या सरकारने ते चालू ठेवले, आणि आता जर्मन शाळांतून मुले परत मागण्यासाठी ते वापरता येऊ लागले. १९१९ च्या अल्पसंख्याक शाळांच्या कायद्यात चाळीस मुलांचा आकडाही तसाच आला, फक्त सरासरी पाचाऐवजी तीन वर्षांची. १९२१ च्या शिरगणतीत व्यवहारभाषेऐवजी राष्ट्रीयत्व विचारले गेले.

मुलांची अदलाबदल त्या काळातही थांबली नव्हती. १९३८ नंतर नाझींनी मोराव्हिया गिळला, आणि युद्ध संपल्यावर १९४५-४६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना देशाबाहेर घालवण्यात आले. कोणाला घालवायचे हे ठरवताना आधीच्या नोंदींतला राष्ट्रीयत्वाचा शब्द पाहिला गेला. दक्षिण मोराव्हियातल्या ज्या जर्मन खेड्यांत चेक मुले वर्षभर राहून शिकून जात, ती खेडी त्या दोन वर्षांत रिकामी झाली, आणि तेथे नवे लोक वसवले गेले.